नाशपाती कुणाची, तुरुंग कुणाला?

प्रश्न : एका फ्रेंच राजाचं डोकं नाशपातीसारखं काढलं म्हणून चित्रकार दोम्ये तुरुंगात गेला, असं वाचलं. एवढ्याशा चित्रासाठी? आणि त्या राजाला गादी वारशाने मिळाली होती का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण दोन खटले एकत्र केलेत. नाशपाती व्यंगचित्रकार-संपादक शार्ल फिलिपाँची. ओनोरे दोम्येला भोवलं ते दुसरंच चित्र.

गादीचं आधी उरकतो. जुलै १८३०च्या क्रांतीत दहाव्या शार्लने नातवासाठी गादी सोडली. संसदेने मात्र ओर्लेआँ शाखेतला त्याचा भाऊबंद लुई-फिलिप बसवला. म्हणजे मुकुट संसदेचा, रक्त राजघराण्याचंच. नव्या सनदेत, म्हणजे राज्यघटनेत, छापण्याच्या स्वातंत्र्याची हमी होती, आणि वर्षभरात संपादक कोर्टात उभे होते.

फिलिपाँच्या ‘ला कारिकात्यूर’ साप्ताहिकात हा राजा गवंडी होऊन भिंतीवरच्या क्रांतीच्या खुणा गिलाव्याने बुजवताना दिसला. नोव्हेंबर १८३१मध्ये खटला चालला, तेव्हा फिलिपाँने कोर्टातच चार डोकी काढून दाखवली. पहिलं हुबेहूब राजाचं. मग गाल सुटत गेले, कपाळ आक्रसलं, चौथी निव्वळ नाशपाती. पहिलं चित्र गुन्हा असेल तर त्याच्यासारखं दिसणारं दुसरंही गुन्हा, मग तिसरंही, आणि शेवटी फळालाच शिक्षा करा! सहा महिने आणि दोन हजार फ्रँक दंड झालाच. पण पुढे पॅरिसच्या भिंतींवर पोरं नाशपात्या काढू लागली. त्यांना कुठलं कलम लावणार?

दोम्येचं ‘गार्गान्तुआ’ मला त्याहून जहाल वाटतं. नाव फ्रेंच लेखक राबलेच्या गोष्टीतल्या खादाड राक्षसाचं. अगडबंब राजा खुर्चीवर बसलाय, तोंडापासून जमिनीपर्यंत फळी लावलेली, तिच्यावरून नोकर नाण्यांच्या टोपल्या वर वाहताहेत. खाली फाटक्या कपड्यांतली माणसं पैसे टाकताहेत. एक बाई पोराला पाजत बसलीय. खुर्ची शौचाची. तिच्याखालून पडतात मानसन्मान आणि नेमणुकांचे हुकूम, ते झेलायला ही झुंबड! तेवीस वर्षांच्या पोराने हे काढलं. त्यालाही सहा महिने, शिवाय पाचशे फ्रँक दंड आणि छापायचा दगड नष्ट करण्याचा हुकूम.

मी कलाशाळेत लिथो, म्हणजे दगडावरून चित्र छापणं, शिकवायचो, म्हणून हा दगड मला महत्त्वाचा वाटतो. तेलकट खडूने थेट त्याच्यावर काढायचं. बोटाचा डागसुद्धा छापून येतो. मध्ये खोदकाम करणारा नको, त्यामुळे चित्र स्वस्तात आणि झटपट दुकानाच्या काचेत लागतं.

सरकार घाबरलं ते यालाच. जुलै १८३५मध्ये राजावर जीवघेणा हल्ला झाला, आणि सप्टेंबरच्या कायद्याने चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची केली. लेखांना नाही, चित्रांना! सनदेने मतांना अभय दिलंय, चित्र म्हणजे मत नव्हे तर कृती, असा मंत्र्यांचा दावा. ‘ला कारिकात्यूर’ ऑगस्टमध्येच बंद पडलं होतं. दोम्ये फिलिपाँच्याच ‘ल शारिव्हारी’ या दैनिकात वकील, न्यायाधीश, घरमालक रंगवत राहिला. त्यातले काळ्या झग्यांतले वकील मिळाले तर जरूर पाहा.