बीए सोशॉलॉजी झालंय, आता एमए करू की एमएसडब्ल्यू? घरचे म्हणतात समाजसेवेला डिग्री कशाला?

तुमच्या घरच्यांचं हे वाक्य मी 2009 साली आमच्या काकांच्या तोंडून ऐकलंय, एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सची, फी भरायच्या आदल्या रात्री, अख्ख्या घरासमोर. "माणुसकी असली की झालं, त्याला कॉलेज कशाला?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, म्हणून आज एवढं लिहितेय.

पहिल्या वर्षी फिल्डवर्कला मला टीबीचे उपचार अर्धवट सोडणाऱ्यांच्या घरी जायचं काम मिळालं. त्यात मार्केट यार्डात हमाली करणारे एक दादा होते, पस्तिशीचे, दीड महिना गोळ्या घेऊन बंद केलेल्या. मी तीनदा गेले, तीनदा समजावलं की सहा महिन्यांचा कोर्स पुरा करा, नाहीतर पुढे साध्या औषधांना दाद न देणारा टीबी होतो, लहान मुलं आहेत घरात वगैरे वगैरे, ते मान हलवायचे आणि टीबीच्या सेंटरवर काही यायचे नाहीत. शेवटी मी रिपोर्टात लिहिलं, "पेशंट सहकार्य करत नाही."

आयसीला, म्हणजे फिल्डवर्कवर प्रत्येकाशी वेगळी होते त्या चर्चेला, कॉलेजच्या मॅडमनी त्या वाक्याभोवती लाल पेनने गोल केला आणि विचारलं, "तो काय म्हणाला?" मला त्यांचं एक वाक्य आठवेना. पाच पानांच्या रिपोर्टात पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच बोलत होते.

चौथ्या वेळी गोळ्यांचा विषयच काढला नाही. उंबऱ्याशी बसले, पोतं किती किलोचं, थप्पी कशी लावतात, पाठीला काय लावता, असं विचारत राहिले. अर्ध्या तासाने वहिनी पाणी भरायला गेल्या तसा त्यांनी आवाज खाली केला, "ताई, लघवीला लाल होतंय. ज्या दिवशी गोळी, त्याच दिवशी." तेव्हा गोळ्या एक दिवसाआड असायच्या. माणसाने स्वतःच ताडून पाहिलं होतं, गोळी बंद केली की रंगही बंद. रक्त जातंय, किडनी गेली अशी त्यांची खात्रीच झालेली आणि हे बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी-लाल होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे सेंटरवर प्रत्येकाला माहीत होतं, फक्त त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. त्याच आठवड्यात ते आले, बेडका पुन्हा तपासला आणि उपचार नव्याने सुरू झाले.

काका, माणुसकी माझ्याकडे पहिल्या तिन्ही फेऱ्यांना होतीच की. गप्प बसून ऐकायचं कसं, ते मला त्या लाल गोलाने शिकवलं.

आणि हे कालचं खूळ पण नाही. मुंबईत नागपाड्याला 1936 सालीच समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं, तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग तर 1919 चा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर कोणाला म्हणायचं याची व्याख्या दिलीय आणि त्यात शिक्षण काय हवं तेही लिहिलंय. नुसती माणुसकी तिथे चालत नाही.

आता तुमचा प्रश्न. वाचायची-लिहायची खरीच आवड असेल, नेट-सेट देऊन शिकवायचं असेल किंवा यूपीएससीला सोशॉलॉजी ऑप्शनल घ्यायचा असेल तर एमए करा. माणसांत काम करायचं असेल तर एमएसडब्ल्यू, दुसरा विचार नको. हॉस्पिटलं, संस्था, 2013 च्या कंपनी कायद्यानंतर आलेलं सीएसआरचं (कंपन्यांच्या पैशातून होणारं समाजाचं) काम, सगळीकडे तीच डिग्री विचारतात. बीए सोशॉलॉजीवरून एमएसडब्ल्यूला येणारे भरपूर असतात, आमच्या बॅचला अर्धा वर्ग तसाच होता.

हां, एक सांगायचं राहिलं, सुरुवातीचा पगार कमी असतो आणि बऱ्याच जागा करारावरच्या. घरावर कर्ज असेल तर हा हिशोब आधी मांडा, यात तुमच्या घरच्यांचं चूक नाही.

आणि कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका. सेकंड इयरच्या मुलांना गाठून विचारा की आयसी दर आठवड्याला होते का आणि रिपोर्ट कोणी वाचतं का. नुसत्या सह्या होत असतील तर दुसरं कॉलेज बघा.