थंडीने हराळी मरते का?

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो आणि द्राक्षबागेतली हराळी पिवळी पडते. ती मरते का? याच वेळी तणनाशक मारलं तर कायमचा बंदोबस्त होईल का? थंड मुलखात परकी गवतं पसरत नाहीत, हेही खरं का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : पिवळं पडतं ते फक्त पान. काशा, म्हणजे जमिनीखाली आडवी पसरणारी खोडं, मातीत जिवंत राहतात. हराळी उष्ण हवेतलं गवत असल्याने माती दहा अंशांच्या आसपास आली की तिची वाढ थांबते, पण मरण्यासाठी काशांमधलं पाणी गोठावं लागतं. पहाटे हवा चार अंशांवर असली तरी दहा सेंटिमीटर खालची काळी माती त्याहून बरीच उबदार असते. मातीचा थर्मामीटर तेवढा खोल रोवून सकाळी सातला आकडा पाहा, खात्री पटेल.

म्हणून थंडीत फवारणी करूच नका. काशांपर्यंत पोचणारं औषध हिरव्या पानात तयार होणाऱ्या साखरेबरोबर खाली उतरतं. पिवळ्या पानातून ते उतरत नाही. शिवाय ऑक्टोबरच्या सुमाराला फळांसाठी होणाऱ्या गोडी छाटणीनंतर बाग पूर्ण पानावर असते, वाऱ्याने तुषार वेलीवर गेले तर नुकसान तुमचंच. अशाच एका तणनाशकाच्या, ग्लायफोसेटच्या, वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले आहेत, हेही ध्यानात ठेवा.

खरं काम उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये, खोडापासून दोन फूट सोडून, ओळींमधली माती कुदळीने वीसेक सेंटिमीटर उकरा आणि काशा हाताने वेचा. रोटाव्हेटर फिरवू नका. त्याने काशांचे तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा पहिल्या पावसात फुटतो. वेचलेल्या काशा कडक उन्हात पातळ पसरून, मधूनमधून उलटून, कटकन मोडेपर्यंत वाळवा. ओल्या असताना बांधावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकल्या तर त्या तिथेच रुजतील. ठिबकखालच्या ओल्या पट्ट्यात पुन्हा फूट येते. ती दर पंधरवड्याला काढत राहा, म्हणजे काशांचा साठा संपतो.

थंड मुलखात परकी गवतं पसरत नाहीत, हे अर्धं खरं. आपल्याकडे चारा म्हणून लावतात ते अंजन गवत १९३० च्या दशकात अमेरिकेत मातीची धूप रोखायला नेलं. आज अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात ते वणवे भडकवतं, आणि आगीची सवय नसलेले उंच सग्वारो निवडुंग त्यात होरपळतात. डोंगरावर, जिथे हिवाळा कडक असतो तिथे, ते थबकतं. हिवाळे सौम्य झाले की ही रेघ वर सरकते. मात्र थंडीची धार बियांना लागत नाही. अमेरिकेच्या थंड उत्तर भागात जॉन्सन गवत या परक्या तणाच्या काशा गोठतात, तरी पुढच्या वर्षी बी उगवतंच.

आणि गव्हातलं तण गुल्लीदंडा तर थंडीतच जोमाने उगवतो. त्याचं खोड बुडाशी लालसर असतं, गव्हाचं नसतं. पहिल्या पाण्यानंतर, ओंबी दिसण्याआधी, तो मुळासकट उपटा.