दुपारचं इन्सुलिन आणि संध्याकाळचं मैदान

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या आया समुपदेशनाला आल्या की एक प्रश्न हमखास विचारतात: ह्याचं खेळणं बंद करू का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली एक आई हाच प्रश्न घेऊन आली होती. मुलगा १७ वर्षांचा, बारावीतला, वजन ५४ किलो. चार वर्षांपासून इन्सुलिनवर. सोमवार, बुधवार आणि शनिवारी संध्याकाळी गावच्या मैदानावर फुटबॉल. दोनदा मैदानातच शुगर पडून तो घामाने निथळला होता. एकदा तर पहाटे ३ वाजता आईने हाक मारली आणि त्याला धड उत्तर देता येईना. "ताई, त्या रात्रीपासून माझा डोळ्याला डोळा लागत नाही. फुटबॉल गेला तर गेला, पोर तेवढं हाती राहू दे."

भीती खरी होती, म्हणून धीराचे चार शब्द बोलण्याआधी त्याची वही मागितली. त्यातल्या एका बुधवारचं पान असं होतं (शुगरचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये):

दुपारी १.३०: भात, हुमण (माशाची आमटी). रेग्युलर इन्सुलिन १० युनिट.
४.३०, मैदानात उतरताना: शुगर १४८.
५.४५: ५८. एक चॉकलेट, चार क्रीम बिस्किटं, अर्धी बाटली थंड पेय.
रात्री ९: ३१०. जेवणाचा डोस आणि वर ६ युनिट जास्त.
पहाटे ३: ५२.

आईच्या मते हा सगळा फुटबॉलचा प्रताप होता. पान पुन्हा वाचा, फक्त वेळांकडे बघून.

रेग्युलर इन्सुलिन टोचल्यावर अर्ध्या तासाने काम सुरू करतं, २ ते ४ तासांनी त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि शेपूट ६ ते ८ तास रेंगाळतं. दीडला घेतलेला डोस साडेचारला ऐन भरात होता. मधुमेह नसलेल्या माणसाने पळायला सुरुवात केली की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन आपोआप कमी करतं. टोचलेलं इन्सुलिन मात्र परत घेता येत नाही. ते अंगात भरपूर असेल तर यकृत रक्तात साखर सोडायला तयार होत नाही आणि पळणारे स्नायू तर ती ओढतच असतात. टाकीत वरून पाणी येणं बंद आणि खाली दोन्ही तोट्या उघड्या, अशी गत. १४८ चे ५८ व्हायला सव्वा तास लागला, यात नवल नाही.

भर म्हणजे हा डोस तो मांडीत घेत होता. पळताना मांडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि इन्सुलिन लवकर शोषलं जातं. खेळाच्या दिवशी दुपारचं इंजेक्शन पोटावर घ्यायचं, एवढं तिथल्या तिथे ठरलं.

५८ ला जे खाल्लं, त्यात दोन चुका होत्या. चॉकलेट आणि क्रीम बिस्किटांतल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. दहा मिनिटं झाली तरी थरथर थांबत नाही, म्हणून माणूस आणखी खातो आणि मग सगळं एकदम चढतं. ते ३१० तिथून आले. त्यावर रात्री ६ युनिट जास्तीचं इन्सुलिन घेतलं, ही सगळ्यात धोक्याची पायरी. खेळून रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर भरून घेत असतात, इन्सुलिन एरवीपेक्षा जास्त लागू पडतं आणि खेळानंतर साधारण ७ ते ११ तासांनी शुगर पुन्हा पडायला बघते. संध्याकाळच्या खेळाचा हिशेब बरोबर मध्यरात्र ते पहाटेपर्यंत जातो.

आईला बाहेर बसवून मुलाशी बोलणं झालं, तेव्हा वहीत नसलेली गोष्ट कळली. महत्त्वाच्या सामन्याला तो दुपारचा डोस घेतच नव्हता. सगळ्यांसमोर पडायला नको म्हणून. त्या दिवसांची पानं कोरी होती, पण मीटरच्या मेमरीत ३२६ होतं. "पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात, पण चक्कर तरी येत नाही," म्हणाला. अशी मुलं आम्हाला पुष्कळ भेटतात आणि त्यांना रागावून काही साधत नाही. डोसच घेतला नाही तर रक्तात साखर असूनही शरीराला ती नीट वापरता येत नाही. मग चरबी जळते, कीटोन हे आम्लधर्मी घटक तयार होतात, पळण्याने ते आणखी वाढतात. पायांचं जड होणं हा त्याचाच इशारा असू शकतो. म्हणून खेळाआधी शुगर २७० च्या वर असेल तर लघवीची कीटोन पट्टी बघायची. पट्टीचा रंग मध्यम किंवा त्याहून गडद आला तर त्या दिवशी खेळ नाही. पाणी प्यायचं आणि इन्सुलिनच्या डोससाठी डॉक्टरांना फोन करायचा. उलट्या किंवा पोटात दुखणं असेल तर फोनमध्येही वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल. त्याला विचारूनच हे आईला त्याच बैठकीत सांगितलं. ती रागावली नाही, फक्त बराच वेळ त्याचा हात धरून बसली.

त्याच्या डॉक्टरांशी बोलून खेळाच्या दिवसाचे आकडे ठरले. हे आकडे त्याच्यापुरते आहेत, दुसऱ्या कुणी उचलू नयेत. दुपारचा डोस १० ऐवजी ७ युनिट. रात्रीचं ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं संथ इन्सुलिन) १८ वरून १४ युनिट, फक्त खेळलेल्या रात्री. मैदानात उतरताना ९० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन थांबायचं आणि ९० पार झाल्याशिवाय बूट बांधायचे नाहीत. ९० ते १२५ असेल तर १५ ग्रॅम घेऊन लगेच उतरायचं. १२६ ते १८० ही उत्तम जागा. १८० ते २७० असेल तरी खेळता येतं, फक्त सुरुवातीला काही गोड घ्यायचं नाही. मध्यंतरात पुन्हा तपासणी.

"१५ ग्रॅम म्हणजे किती चमचे?" आईने विचारलं. चमच्यांचा भरवसा नाही. एकीचा सपाट, दुसरीचा शिगोशिग. तिने गावातल्या किराणा दुकानात काट्यावर ग्लुकोज पावडरच्या १५ ग्रॅमच्या २० पुड्या करून घेतल्या. कागदाच्या पुड्या आपल्या पावसाळ्यात दोन दिवसांत दगड होतात, म्हणून प्लॅस्टिकच्या झिप पिशव्या. दोन पुड्या अर्धा लिटर पाण्यात विरघळवल्या की मैदानावरची बाटली तयार, ती दीड तासात घोट घोट संपवायची. दोन पुड्या वेगळ्या, मोज्यात. शुगर ७० च्या खाली गेली तर एक पुडी, १५ मिनिटं बसणं, पुन्हा तपासणी. ५४ च्या खाली गेली तर त्या दिवसाचा खेळ संपला, सामना कितीही अटीतटीचा असो. आणि दुसऱ्याने सावरावं लागेल इतकी शुगर पडली, तर पुढचे २४ तास व्यायाम नाही.

एप्रिलमध्ये एक प्रसंग घडला, तो काजूच्या दिवसांत सगळ्यांनीच लक्षात ठेवावा. मैदानाच्या कडेला पोरांनी काजूचे बोंडू खाल्ले, याने दोन लहानसे तुकडे तेवढे. मीटरने दाखवलं २३२. एवढ्याशा बोंडूने एवढी शुगर चढणार नाही, हे त्याचं त्यालाच खटकलं. बोटाला नाक लावलं तर रसाचा वास. नळावर हात धुतले, शर्टाला कोरडे पुसले, दुसरी पट्टी लावली: १०४. २३२ खरं मानून त्याने इन्सुलिन घेतलं असतं तर? बोटावरचा रस, आंब्याचा असो की बोंडूचा, पट्टीवर साखर म्हणूनच मोजला जातो आणि सॅनिटायझर चोळून तो जात नाही. पाणीच हवं. तेव्हापासून पाण्याची एक साधी बाटली पिशवीत वाढली.

इन्सुलिनचं पेन मात्र त्याच्या स्कूटरच्या डिकीतून बाहेर काढायला लावलं. मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटरची डिकी भट्टीसारखी तापते आणि खराब झालेलं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छच दिसतं, त्यामुळे कळतही नाही.

प्रशिक्षकाला सांगायला तो तयार नव्हता. संघातून काढतील ही भीती. त्याला नाचो फर्नांदेझचं नाव सांगितलं. हा रेआल माद्रिदचा माजी बचावपटू १२ व्या वर्षापासून टाइप वनसह जगला आणि खेळला. शेवटी सांगितलं ते त्यानेच, दोन वाक्यांत: मी विचित्र बोलायला लागलो तर मोज्यातली पुडी द्या, शुद्ध हरपली तर तोंडात काहीच घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. प्रशिक्षकाने विचारलं, "कुठल्या पायाच्या मोज्यात?"

सामन्याच्या दिवशी अजून घोळ होतो. सरावात शुगर पडते, सामन्यात चढते, कारण चुरशीत शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं. शिट्टी वाजली की बघावं तर २४०. ती पुष्कळदा तास-दीड तासात आपोआप उतरते. तेवढं थांबून मगच, गरज पडली तर, नेहमीच्या निम्मा डोस, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं आहे. सरावात शुगर खाली जाताना दिसली तर शेवटी १० सेकंदांची जीव तोडून धाव काही वेळ ती सावरते. ही युक्ती त्याला फार आवडली. पण ती पुडीची जागा घेत नाही, हे दोनदा सांगावं लागलं.

झोपताना १२५ च्या खाली असेल तर दूध आणि एक पोळी, इन्सुलिनशिवाय. पहिल्या दोन आठवड्यांत खेळलेल्या प्रत्येक रात्री ३ वाजता तपासणी झाली. सहा रात्रींतली सगळ्यात कमी नोंद ९४.

सहा आठवड्यांनी आई आली ती एकटीच, कारण मुलगा सरावाला गेला होता. वही दाखवली आणि विचारलं, "आता ३ चा गजर बंद करू का?" उत्तर असं दिलं की सरावाच्या रात्री बंद करायला हरकत नाही, पण डोस बदलला, नवीन मैदान लागलं किंवा लागोपाठ दोन दिवस सामने आले तर त्या रात्री लावायचा. तिने फोन काढला, सोमवार आणि बुधवारचा गजर पुसला. शनिवारचा ठेवला.