माडीवरचा सबवूफर : स्पाइक की रबर?

प्रश्न : साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत आमचा जुना वाडा आहे. माडीवर तुळया-फळ्यांची जमीन आहे आणि तिथं १० इंची, १५ किलोचा सबवूफर, म्हणजे खर्जाचे सूर वाजवणारा स्पीकर, ठेवलाय. सिनेमा लावला की खाली काकूंच्या फडताळातली ताटं वाजायला लागतात. दुकानदार सांगतो, टोकदार स्पाइक लावा. मित्र म्हणतो, रबर घाला. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मित्राचं ऐका. पण बाजारात जाऊन दिसेल ते रबर आणू नका, त्यानं त्रास वाढूही शकतो. कसा, ते पुढं सांगतो.

माझं दुरुस्तीचं दुकान मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून जवळच आहे. तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर तिचा आवाज केवढासा असतो! तिची थरथर घोडीतून तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणात, उतरते, तबली आणि भोपळा हवा हलवतात, तेव्हा कुठं खोली भरते. शाळेतला नादकाटा आठवा. हातात धरला तर कानाशी न्यावा लागायचा, दांडा बाकावर टेकवला की अख्खा बाक बोलायचा. तुमची माडी अशीच तबली झाली आहे आणि ती काकूंच्या डोक्यावर आहे.

स्पाइकमुळे कंपन जमिनीत उतरत नाही, असं विकताना सांगतात. ते खरं नाही. टोक बारीक असलं तरी पोलादच ते, थरथर सरळ खाली पोचवणार. जाड गालिच्यावर खोकं डुगडुगू नये, एवढ्यापुरते ते बरे. ‘खोकं पक्कं बसलं की बेस घट्ट होतो’ म्हणाल, तर साधा हिशेब करा. समजा, कोनचं (स्पीकरच्या हलत्या पडद्याचं) वजन १५० ग्रॅम आहे आणि खोकं १५ किलोचं, म्हणजे शंभरपट. कोन १ सेंटिमीटर सरकला तर मोकळं खोकं उलट बाजूला जेमतेम ०.१ मिलिमीटर सरकेल. तेवढ्यानं बेस बिघडत नाही. मात्र फळ्या वाजवायला तेवढं पुरतं.

आता रबर. सांगलीत गावभागातल्या एका माडीवर मी टणक रबराचे चार पाय लावून दिले होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, खालच्या देव्हाऱ्यातली समई आता जास्त किणकिणते. जाऊन पाहिलं. रबर वजनाखाली दबलंच नव्हतं, नखानंसुद्धा खळगा पडेना. वजन आणि रबर मिळून एक स्प्रिंग होते आणि तिची स्वतःची एक वारंवारता असते. रबर ०.१ मिलिमीटर दबलं तर ती साधारण ५० हर्ट्झ येते. सबवूफर तिथंच तर गातो! त्या सुराला कंपन अडण्याऐवजी वाढतं. १ मिलिमीटर दबलं तर १६ हर्ट्झ, ५ मिलिमीटर दबलं तर ७. त्या आकड्याच्या १.४ पटीच्या वरच कंपन अडायला सुरुवात होते, म्हणून ७ कडे जायला हवं. त्या घरचे पाय मी काढले आणि पुढं सांगतो तो उपाय केला. समई गप्प झाली.

पण खर्च करण्याआधी एक करा. सिनेमातला तोच दणदणीत तुकडा लावा आणि दोघांनी मिळून सबवूफर जमिनीपासून वीतभर उचलून धरा. काकूंना फडताळापाशी उभं करा. ताटं थांबली तर दोष पायांचा, आणि तो जाईल. तरीही वाजली तर आवाज हवेतून, फळ्यांच्या फटींतून उतरतोय. त्याला खाली काहीही घातलं तरी गुण येणार नाही. रात्री १० नंतर सबवूफर ५-६ डेसिबलनं उतरवणं, एवढंच हातात राहतं. बहुतेक माड्यांवर दोन्ही थोडं थोडं असतं.

ताटं थांबली, तर स्कूटरची जुनी ट्यूब आणा. तिच्यात अगदी थोडी हवा भरा, बोट दाबलं की सहज आत जाईल एवढीच. वर १८ इंची चौरस, इंचभर जाडीचा कडप्पा ठेवा. त्याचं वजन १४ किलोच्या आसपास भरतं, आणि ते वजन हवंच आहे. कडप्प्यावर सबवूफर. कडप्पा तरंगल्यासारखा हलकेच हलला पाहिजे, जमिनीला कुठंही टेकता कामा नये.

पहिल्या दिवशी बेस कमी झालासा वाटेल, कारण पायाखालच्या फळ्या थरथरायच्या थांबतील. लगेच आवाज वाढवू नका. आठवडाभर ऐका, मृदंगाची थाप आधीपेक्षा सुटी ऐकू येते का बघा, मग हवा तर थोडा वाढवा.

तळमजल्यावर, भरावावरच्या फरशीवर सबवूफर असता तर म्हटलं असतं, काही घालू नका, फक्त कोपऱ्यातून हलवून बघा.

ट्यूबचा वॉल्व्ह मात्र बाहेरच्या बाजूला ठेवा. हवा हळूहळू उतरते, महिन्या-दोन महिन्यांनी सायकलच्या पंपानं दोन दट्टे मारावे लागतील.