भीड आणि किलिमांजारो

“मूल माझे असते तर गोष्ट वेगळी होती. दुसऱ्याच्या लेकराला इतक्या लांब न्यायचे आणि तिथे काही झाले, तर परत येऊन तोंड कसे दाखवायचे?” हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या जणांकडून ऐकले आहे की, समोरच्याने “मूल माझे असते तर” एवढे म्हटले की पुढचे मला ठाऊक असते. भाच्याला परदेशात समुद्राखाली डायव्हिंगला न्यायचे ठरवलेले मामा, नातवाबरोबर आफ्रिकेतल्या जंगलसफारीचे आरक्षण करून मग रात्र रात्र जागणारे आजोबा, पुतणीला ट्रेकला नेण्याचा शब्द देऊन बसलेले काका, असे अनेक जण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. हौस खरी असते, तयारीही चोख असते आणि तरी जीव टांगणीला लागलेला असतो. त्या सगळ्यांसाठी मी एका आत्याची आणि तिच्या भाचीची हकिकत सांगणार आहे. दोघींची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आत्या चौपन्न वर्षांच्या, अविवाहित, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. सह्याद्रीत तीस वर्षे फिरलेल्या. दहावीची परीक्षा देणाऱ्या भाचीला घेऊन, पुण्याच्या एका गटाबरोबर, टांझानियातल्या किलिमांजारो पर्वतावर जायचे त्यांनी ठरवले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या टेबलावर एक जाडजूड फाइल ठेवली. रंगीत चिठ्ठ्या लावून तिचे भाग पाडले होते. दोन्ही पासपोर्टच्या प्रती, मुलीला आत्याबरोबर पाठवण्यास आणि गरज पडल्यास उपचारांचा निर्णय आत्याने घेण्यास आईवडील दोघांची नोटरी केलेली संमती, सहा हजार मीटरपर्यंतच्या चढाईला लागू असणारी विमा पॉलिसी. (साध्या प्रवास विम्यात इतकी उंची बहुधा धरलेली नसते, हे त्यांनी पॉलिसीची बारीक अक्षरे वाचून शोधून काढले होते.) विमान अदिस अबाबामार्गे असल्यामुळे पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यायची, म्हणून ती तारीखही लिहिलेली होती. आधी मे महिन्याची सुट्टी मनात होती, पण तिकडे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो, म्हणून बेत जूनअखेरीवर नेला होता. अकरावीच्या प्रवेशाला आपल्याकडे तसाही वेळ लागतो.

फाइल मिटून त्या म्हणाल्या, “मॅडम, सगळी काळजी घेतली आहे, तरी काळजी जात नाही.”

मराठीने एकाच शब्दात किती वेगळ्या दोन गोष्टी ठेवल्या आहेत, हे मी त्या क्षणी पुन्हा अनुभवले. घ्यायची काळजी हाताने घेतली जाते आणि कधीतरी पूर्ण होते. करायची काळजी मनात चालते आणि तिला अंत नसतो.

“काही झाले तर, असे तुम्ही म्हणता. डोळ्यांसमोर नेमके काय येते?” मी विचारले.

मला वाटले होते की बर्फ, कडा, रुग्णालय असे काही येईल. त्या म्हणाल्या, “दादाच्या घराचे दार. वहिनी दार उघडते आणि मी एकटीच उभी असते.”

त्या चित्रात डोंगर कुठेच नव्हता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत माझी जडणघडण झाली आहे. घटनेपेक्षा घटनेविषयी माणूस स्वतःशी काय बोलतो, याकडे माझे कान आपोआप लागतात. आत्या स्वतःशी म्हणत होत्या, “तिला काहीही होता कामा नये, आणि झालेच तर मी माणूस म्हणून संपले.” यातला पहिला भाग इच्छा म्हणून रास्त आहे, पण हमी म्हणून तो कोणीही देऊ शकत नाही. स्वतःच्या घरातल्या जिन्यावरसुद्धा देऊ शकत नाही. दुसरा भाग तर सरळ अन्याय आहे. या दोन वाक्यांवर आम्ही चार-पाच भेटी काम केले. हळूहळू त्या म्हणू लागल्या, “तिला काही होऊ नये अशी माझी फार इच्छा आहे, त्यासाठी शक्य ते सारे मी करीन आणि तरी काही घडले तर मला अतिशय दुःख होईल.” त्यांना झोप लागू लागली. सामान्यतः इथे मी समाधानाने फाइल बंद केली असती.

पण एक गोष्ट मला टोचत राहिली. आत्यांच्या त्या जाडजूड फाइलमध्ये, इतक्या याद्यांमध्ये, भाचीच्या हस्ताक्षरात एकही ओळ नव्हती. ज्या मुलीवरून एवढी झोप उडाली होती, ती मुलगी त्या बेतात प्रवासी होती, सहभागी नव्हती. मी आत्यांना म्हटले, “पुढच्या वेळी तिलाही घेऊन या.”

भाची आली आणि पाठीवरची सॅक न काढताच खुर्चीच्या कडेवर बसली. उत्तरे नीट देत होती, मात्र प्रत्येक उत्तराआधी आत्याकडे बघत होती. डोंगरावर जायला आवडेल का? हो, खूप. भीती वाटते का? नाही. मग मी तिला एक साधा प्रश्न विचारला.

“वर गेल्यावर डोके दुखायला लागले, मळमळायला लागले, तर पहिल्यांदा कोणाला सांगशील?”

ती गप्प राहिली. मीही गप्प राहिले. शांतता कधी मोडायची नाही हे कळायला या व्यवसायात बरीच वर्षे जावी लागतात आणि त्या दिवशी ती वर्षे कामी आली.

“नाही सांगणार,” ती शेवटी म्हणाली. “मी सांगितले की आत्या लगेच माझ्याबरोबर खाली उतरेल. दोन वर्षे ती पैसे साठवते आहे. माझ्यामुळे तिचे शिखर राहायला नको.”

आत्यांचा चेहरा उतरला. मला वाटले की त्या रागावतील किंवा समजूत घालू लागतील. त्या खूप वेळ हातातल्या पेनचे टोपण काढत-लावत राहिल्या आणि मग अगदी हळू म्हणाल्या, “अगं, मीसुद्धा सांगणार नव्हते. माझे डोके दुखते म्हटले असते तर तू घाबरली असतीस.” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “सगळ्यांना सांगत होते की हिच्यासाठी जाते आहे. खरे म्हणजे जायचे मलाच होते. एकटी जाते म्हटले असते तर दादाने वेड्यात काढले असते.”

भाचीने सॅक काढून खाली ठेवली.

भीड ही भिकेची बहीण, असे आपण व्यवहारात म्हणतो. त्या दिवशी मला दिसले की पाच हजार मीटरच्या वर भीड त्याहून फार महाग पडते. किलिमांजारोच्या माथ्यावर, ५,८९५ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो आणि एका श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर उंच आहे आणि किलिमांजारोची मारांगू वाट सुरूच होते ती त्याहून उंच जागेवरून. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, ही उंची न मानवल्याची सुरुवातीची लक्षणे असतात. त्या टप्प्यावर सांगितले तर थांबता येते, त्रास न शमल्यास उतरता येते आणि बहुतेक वेळा माणूस बरा होतो. लपवून वर चढत राहिले तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्यापर्यंत मजल जाते आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणजे त्या मोहिमेतली सर्वांत मोठी जोखीम फाइलमधल्या कोणत्याही यादीत नव्हती. ती या दोघींच्या एकमेकींवरच्या मायेत होती. आत्यांची चिंता चुकीची नव्हती, ती चुकीच्या दाराशी उभी होती, हे मला त्या भेटीत उमगले आणि तेव्हापासून अशा प्रत्येक जोडीला मी एकत्र बसवल्याशिवाय राहत नाही.

आता माझ्याकडे येणाऱ्यांना मी जे सांगते ते इथे लिहिते. सहल कोणाची आहे, हे आधी स्वतःशी खरे बोला. “मुलांसाठी” म्हणून काढलेल्या सहलीचे ओझे मुलांच्या पाठीवर बसते, कारण उपकार केलेल्या माणसाला नाही म्हणणे आपल्या घरांमध्ये मुलांना शिकवलेलेच नसते. “मला जायचे आहे, तू बरोबर आलास तर मला आनंद होईल,” असे मोठ्याने म्हटले की धाकट्याला नकाराची मोकळीक मिळते, आणि नकाराची मोकळीक असलेल्याचा होकारच धरावा.

मग बेताचा एक खरा तुकडा त्याच्या हाती द्या. खाऊच्या खरेदीसारखा शोभेचा नको, ज्यावर सगळ्यांचे काही अवलंबून आहे असा द्या. आमच्या भाचीने मुक्कामांचे वेळापत्रक अभ्यासायला घेतले. मारांगू वाट पाच दिवसांतही करतात, पण होरोंबोला, म्हणजे ३,७२० मीटरवर, एक जादा दिवस थांबले तर शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो, हे तिने वाचून काढले आणि सहा दिवसांचा आग्रह धरला. वाचता वाचता तिला हेही सापडले की जर्मन गिर्यारोहक हान्स मायर १८८७ मध्ये बर्फाच्या कडेपर्यंत जाऊन परत फिरले होते, पुढच्या वर्षी त्यांना डोंगरापर्यंत पोहोचताही आले नाही आणि १८८९ मध्ये ते लुडविग पुर्टशेलर यांच्यासह माथ्यावर उभे राहिले. “म्हणजे पहिला माणूससुद्धा आधी परत आला होता,” असे तिने मला मोठ्या उत्साहाने ऐकवले. हे मी सांगितले असते तर ते उपदेश ठरले असते.

परत फिरण्याची बोलणी घरी, पंख्याखाली बसून करा. कोणी फिरायचे, कधी फिरायचे, एक फिरला तर दुसऱ्याने काय करायचे, हे सारे तिथे ठरले पाहिजे, कारण मध्यरात्रीच्या थंडीत, शिखर समोर असताना, माणूस जे ठरवतो त्याला निर्णय म्हणणे अवघड आहे. वाटाड्याचा शब्द अखेरचा, हेही आधीच मान्य करा. औषधांचा प्रश्न डॉक्टरांचा आहे. उंचीच्या त्रासासाठी डायामॉक्स हे औषध घ्यायचे का, किती घ्यायचे, हे शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नका, विशेषतः अल्पवयीन मुलाच्या बाबतीत.

माझ्या या दोघींना मी एक छोटी वही दिली. रोज संध्याकाळी दोघींनी आपल्या डोक्याला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. चारच्या वर गेले की वाटाड्याला सांगायचे आणि आकडा खाली येईपर्यंत वर पाऊल टाकायचे नाही. एक अट मात्र मी आग्रहाने घातली: आकडा आधी मोठीने सांगायचा. धाकट्याला खरे बोलायला शिकवायचे असेल तर मोठ्याने आपला त्रास आधी उघड करावा लागतो. आपल्याकडे मोठी माणसे त्रास गिळण्यालाच मोठेपणा समजतात आणि मुले तेच उचलतात.

शेवटची भेट भावाबरोबर झाली. आत्या त्यांना म्हणाल्या, “दादा, हिला सुखरूप परत आणीन असे वचन मी देऊ शकत नाही, तसे कोणीच देऊ शकत नाही. आम्ही दोघी काही लपवणार नाही, एवढे वचन देते.” भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी संमतीपत्र मागून घेतले आणि आपल्या हाताने एक ओळ वाढवली: आत्याला परतावे लागले आणि मुलीची प्रकृती ठीक असली, तर तिने पुण्याच्या गटाबरोबर पुढे जाण्यास हरकत नाही. मला स्वतःला ही ओळ त्या संपूर्ण फाइलमधली सर्वांत मोलाची वाटते.

जुलैमध्ये दोघी मला भेटायला आल्या. ४,७२० मीटरवरच्या किबो हटला पोहोचल्यावर आत्यांना उलट्या सुरू झाल्या होत्या. एक सहायक वाटाड्या त्यांना त्याच संध्याकाळी होरोंबोकडे खाली घेऊन गेला. चढताना हे वाटाड्ये सतत “पोले पोले”, म्हणजे हळूहळू, म्हणत असतात. उतरताना तो फक्त “पोले” म्हणत होता. हळू चाल असे सांगतो आहे, असे आत्यांना वाटले. स्वाहिलीत एकटे “पोले” हे दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होण्याचे बोल आहेत, हे त्यांना खाली आल्यावर कळले आणि ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले. भाची गटाबरोबर मध्यरात्री निघाली, ५,६८५ मीटरवरच्या गिलमन्स पॉइंटला सूर्योदय पाहिला आणि तिथे वाटाड्याने विचारताच “पाच” म्हणून परत फिरली. शिखर तिथून ज्वालामुखीच्या मुखाच्या कडेकडेने पुढे, आणखी दोनशे दहा मीटर उंचीवर होते.

ती वही त्यांनी मला दाखवायला आणली होती. मळलेली, कोपरे दुमडलेली. पहिल्या पानांवर दोघींचे शून्य आणि एक, मग दोन, मग तीन. किबोच्या पानावर आत्यांच्या अक्षरात आधी चार लिहिलेले होते. त्यावर दोनदा आडवी रेघ मारून शेजारी, थोडे मोठे, सात लिहिले होते.