आईची एन्झायटीची गोळी बंद करायची आहे, सवय लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई 58 वर्षांची, राहायला विश्रामबागला. छातीत धडधड, बसमध्ये बसायची भीती, पहाटे तीनला जाग. बीपीची गोळी आधीपासून चालू. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5 एकत्र असलेली गोळी रात्री एक अशी दिली. दोन महिन्यांत आई खूप सुधारली. आता मावशी म्हणतात, "झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल, बंद करा." तर बंद कशी करायची आणि गोळीशिवाय काय करता येईल?

मी सांगलीतच फार्मासिस्ट आहे. हा प्रश्न काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी येतो, म्हणून सविस्तर लिहितोय. आधी एवढं करा: उद्यापासून एकदम बंद करू नका.

मावशींचं निम्मं खरं आहे. त्या एका गोळीत दोन वेगळी औषधं आहेत. क्लोनाझेपाम तासाभरात काम करतं, झोप आणतं, धडधड शमवतं, आणि त्याची सवय लागते. एस्सिटालोप्राम झोपेची गोळी नाही. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या दहा-पंधरा दिवसांत उलट बेचैनी, मळमळ वाढू शकते. तो काळ निभावून न्यायला सोबत क्लोनाझेपाम देतात, त्यात चूक काही नाही. चूक पुढे होते. दोन ते चार आठवड्यांनी क्लोनाझेपाम कमी व्हायला हवं, पण गोळी एकच असल्यामुळे ते निघतच नाही. पेशंट फेरतपासणीला जात नाही, जुनी चिठ्ठी दाखवून स्ट्रिप नेत राहतो, आणि महिनाभराचं औषध वर्षभर पोटात जातं.

हे किती महागात पडतं ते एका द्राक्षबागायतदाराचं उदाहरण देऊन सांगतो (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). पन्नाशीचा माणूस, तासगावकडचा, हीच गोळी, हीच पॉवर. तीन महिने नीट घेतली. माल निघाला, पैसे हातात आले, मन हलकं झालं, आणि गोळी त्यांनी परस्पर सोडली. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात झणका, करंट बसल्यासारखा. घाम, चिडचिड, रात्रभर विचित्र स्वप्नं. आजार दुप्पट होऊन परत आला असं वाटून घरच्यांनी मिरजेला नेलं. ईसीजी नॉर्मल, बीपी किंचित वाढलेलं. गोळी सोडल्याचं त्यांनी तिथे सांगितलंच नाही, कारण ‘गोळी बंद केल्याने त्रास होतो’ हे डोक्यातच नव्हतं. येताना एका दुकानातून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलम 0.5 (क्लोनाझेपामच्याच जातीची गोळी) मिळाली. अर्ध्या तासात बरं वाटलं, आणि तिथेच घात झाला. रात्री एक होती ती सकाळ-संध्याकाळ झाली, मग दिवसाला तीन. अल्प्राझोलमचा असर लवकर उतरतो, त्यामुळे दोन डोसांच्या मधेच धडधड सुरू होते आणि माणूस घड्याळाकडे बघत बसतो.

ते माझ्याकडे आले तेव्हा खिशात दोन स्ट्रिपा होत्या. जुन्या स्ट्रिपच्या मागच्या चंदेरी कागदावर त्यांच्या मुलीने बॉलपेनने प्रत्येक गोळीशेजारी तारीख लिहिली होती. शेवटच्या चार गोळ्या तशाच, तारखांसकट. त्या तारखा आणि त्रास सुरू झालेला दिवस शेजारी ठेवले तेव्हा सगळा उलगडा झाला. ती स्ट्रिप घेऊनच त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं. एस्सिटालोप्राम एकटं पुन्हा सुरू झालं, आठवडाभरात झणके थांबले. अल्प्राझोलम सुटायला मात्र सहा महिने गेले.

फरक ओळखायची खूण तारखेत आहे. गोळी सोडल्याचा त्रास दोन-चार दिवसांत येतो, त्यात चक्कर, झणके, मळमळ अशी शरीराची लक्षणं जास्त असतात, आणि औषध पुन्हा घेतलं की झपाट्याने ओसरतो. आजार परततो तो सावकाश, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी: आधी झोप बिघडते, मग जेवण, मग बाहेर जाणं टळायला लागतं. ‘सवय’ हा शब्द आपण दोन्ही औषधांना वापरतो म्हणून घोळ होतो. एस्सिटालोप्रामची तलफ येत नाही, गुण टिकवायला डोस चढवत न्यावा लागत नाही. मेंदूने त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं, ते सावकाश उलगडावं लागतं, एवढंच.

आता तुमच्या आईचं. डॉक्टरांकडे जाऊन एकच मागणी करा: दोन औषधं वेगळी लिहून द्या. एस्सिटालोप्राम 10 साधी, आणि क्लोनाझेपाम 0.25 वेगळी. मग एस्सिटालोप्रामला हात न लावता आधी क्लोनाझेपाम उतरवता येतं. दोनच महिने झाले असतील तर साधारण 0.5 वरून 0.25, दोन आठवड्यांनी 0.25 ची अर्धी, आणखी दोन आठवड्यांनी बंद, असा उतार डॉक्टर देतात. वर्षानुवर्षं घेतलेल्या माणसाला हाच उतार कित्येक महिन्यांचा लागतो. प्रत्येक पायरीवर तीन-चार रात्री झोप तुटते. ती तुटणारच, त्यावरून ‘गोळीशिवाय जमत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. घरी एकत्र गोळीच अर्धी करून द्याल तर दोन्ही औषधं एकदम निम्मी होतात, म्हणजे जे राहायला हवं तेही जातं.

एस्सिटालोप्राम कधी उतरवायचं? पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून किमान सहा महिने, एन्झायटीत बहुधा वर्षभर. त्यानंतर 10 वरून 5, मग 2.5, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. शेवटची पायरी सगळ्यात जड जाते, कारण मेंदूवरचा असर पॉवरच्या सरळ प्रमाणात उतरत नाही. 20 वरून 10 ला फारसं जाणवत नाही, 5 वरून शून्य ही मोठी उडी असते. दिवसाआड गोळी देऊन कमी करायची पद्धत बरेच जण सांगतात, ती करू नका. औषध रक्तात वर-खाली होतं आणि दर दुसऱ्या दिवशी त्रास होतो. कापायला गोळ्या कापायचा छोटा डबा घ्या, ब्लेडने चुरा होतो. आणि घरात आठ-दहा गोळ्या कायम शिल्लक ठेवा. बरीचशी ‘अचानक बंद’ रविवारी दुकान मिटलं आणि स्ट्रिप संपली म्हणून झालेली असते.

आमच्या धंद्यातल्या मंडळींशी माझं याच्यावरून अनेक वर्षं वाजतं, ते इथेही लिहितो. अल्प्राझोलम 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या कडक यादीत आहे. प्रत्येक विक्रीला डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, नग वेगळ्या रजिस्टरला लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. तरी ‘चार गोळ्या द्या हो, ओळखीचे आहेत’ म्हणत स्ट्रिप कापून देणारे आहेत. आणि तेच लोक एस्सिटालोप्रामची चिठ्ठी बघून गिऱ्हाइकाला म्हणतात, "ही डोक्याची गोळी, जास्त दिवस घेऊ नका." घाबरायचं त्या गोळीला कोणी घाबरत नाही आणि बरं करणाऱ्या गोळीला सगळे घाबरतात. पेशंटने काउंटरवरच्या एका वाक्यावर औषध सोडलं, तर ती जबाबदारी त्या वाक्याची आहे.

गोळीशिवाय काय, हे विचारलंत. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, एन्झायटीत औषधाच्या तोडीची आहे आणि तिचा गुण टिकतो. बसच्या भीतीसाठी पायऱ्या पाडा: आधी स्टँडवर नुसतं अर्धा तास बसणं, मग तुमच्यासोबत विश्रामबाग ते मिरज, मग एकटीने दोन स्टॉप. एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा. धडधड वाढली की उतरायचं नाही, ती उतरेपर्यंत बसून राहायचं. मधेच उतरलं की भीती पक्की होते. आणि निघण्याआधी क्लोनाझेपाम द्यायचं नाही. नाहीतर ‘मी निभावलं’ ऐवजी ‘गोळीने निभावलं’ एवढंच मन शिकतं. दुपारनंतर चहा बंद. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 एकदा तपासून घ्या.

हे आधी लिहायला हवं होतं: वर दिलेले आकडे डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहेत, परस्पर वापरण्यासाठी नाहीत. पूर्वी कधी अति उत्साह, झोपेशिवाय दिवसच्या दिवस धावपळ, वारेमाप खर्च असं झालं असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा, तिथे एस्सिटालोप्राम एकटं चालत नाही. क्लोनाझेपामसोबत दारू अजिबात नाही. गुडघेदुखीसाठी ट्रामाडॉल किंवा रोजची डायक्लोफिनॅक कोणी सुचवली तर एस्सिटालोप्राम चालू असल्याचं आधी सांगा. जगणं नको असं बोलणं निघालं तर सकाळची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि बीपीच्या गोळीचं नाव बघा. नावामागे एच किंवा सीटी असेल तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आहे. ते आणि एस्सिटालोप्राम मिळून या वयात रक्तातलं सोडियम उतरवू शकतात. आई अचानक गोंधळल्यासारखी बोलायला लागली, चालताना झोकांड्या गेल्या, तर त्याला एन्झायटी किंवा अशक्तपणा समजू नका. त्याच दिवशी सोडियम तपासा.