चार महिने पुरतात, पण जेमतेम: कुत्रं-मांजर घेऊन परदेशी जाताना

ताई, तुमचा प्रश्न वाचला. चार महिन्यांनी कायमचं परदेशी जायचं आहे, घरात सात वर्षांची लॅब्रेडोर कुत्री आणि एक बोका आहे, तिकिटं अजून काढलेली नाहीत, सुरुवात कुठून करू? देशाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून उत्तर जरा लांबेल. आम्ही सहा वर्षांपूर्वी एक कुत्रा आणि एक मांजर घेऊन युरोपात आलो. तिसरं जनावर मागे ठेवून आलो. त्याचंही सांगते, पण नंतर.

आज संध्याकाळी एकच काम करा. दोघांची लसीकरणाची कार्डं काढा आणि दोन तारखा शोधा: मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख-नंबराची बारीक चिप) कधी बसवली आणि त्यानंतर रेबीजची लस कधी टोचली. ‘त्यानंतर’ या शब्दावर आमचं सगळं गाडं अडलं होतं. आमच्या कुत्र्याच्या लशी लहानपणापासून वेळच्या वेळी झालेल्या, चिप मात्र आम्ही जायचं ठरल्यावर बसवली. डॉक्टर म्हणाले, लस चालू आहे की, परत कशाला? युरोपचा नियम असा की चिपच्या आधी टोचलेली लस धरतच नाहीत. त्यांच्या बाजूने बरोबरच आहे. चिप नसताना ती लस नेमकी कुठल्या कुत्र्याला दिली हे सिद्ध कसं करणार? आम्हाला हे कळलं तेव्हा रक्त काढून लॅबला गेलं होतं. आधी कळस मग पाया! पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस, पुन्हा रक्त. नवरा नोकरीवर रुजू व्हायला एकटा पुढे गेला आणि मी साडेतीन महिने सामान विकून टाकलेल्या घरात, जमिनीवर गादी टाकून, दोन जनावरांबरोबर काढले.

चिपही कुठलीही चालत नाही. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, पंधरा आकडी नंबरची हवी. जुनी नऊ-दहा आकडी चिप तिकडच्या स्कॅनरने वाचली गेली नाही तर दुसरी बसवायची किंवा आपला स्कॅनर बरोबर न्यायचा, हे दोनच मार्ग. शिवाय दर भेटीत डॉक्टरांना चिप स्कॅन करायला लावा आणि प्रत्येक कागदावरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहा. एक आकडा इकडचा तिकडे झाला की कागदावरचं जनावर वेगळं आणि पिंजऱ्यातलं वेगळं.

आता तुमच्या चार महिन्यांचा हिशोब. जिथे रेबीजचा धोका जास्त मानतात अशा, युरोपीय संघाच्या मान्य यादीबाहेरच्या देशातून तिथे जायचं असेल तर चिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून अँटिबॉडीजची चाचणी (हिलाच सगळे टायटर म्हणतात) आणि रक्त काढल्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबणं. बेरीज केलीत तर चार महिनेच होतात, एक दिवसही शिल्लक उरत नाही. टायटर ०.५ आययू प्रति मिलिलीटर किंवा त्याहून जास्त लागतं आणि चाचणी मान्यताप्राप्त लॅबमधूनच व्हावी लागते, घराजवळच्या कुठल्याही पॅथॉलॉजीतून नाही. पण चिप आधीच असेल, त्यानंतर लस झाली असेल आणि तिला तीस दिवस उलटले असतील, तर रक्त उद्याही काढता येईल आणि एक महिना वाचेल. म्हणून ती कार्डं आज काढायची. यादीतल्या देशातून जाणार असाल तर टायटर लागत नाही. पहिल्या लशीनंतर एकवीस दिवस थांबलं की झालं.

एकदा उत्तीर्ण झालेलं टायटर युरोपसाठी पुन्हा करावं लागत नाही, फक्त बूस्टर चुकता कामा नये. एका दिवसाने चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात. प्रवासाच्या गडबडीत हे हमखास निसटतं.

ब्रिटनचे नियम याच साच्यातले आहेत, पण दोन ठिकाणी ठेच लागते. विमानाने जनावर तिथे कार्गो म्हणूनच उतरतं, तुमच्या पायाशी केबिनमध्ये बसून नाही. आणि कुत्र्याला पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचं औषध डॉक्टरांच्या हातून देऊन वेळेसकट नोंदवून घ्यावं लागतं. आयर्लंड, माल्टा, फिनलंड आणि नॉर्वेतही हे औषध लागतं. विमान एक दिवस पुढे गेलं तर हे तास पुन्हा मोजा.

जपानला जाणार असाल तर चार महिने विसरा. चिपनंतर रेबीजच्या दोन लशी, त्यांच्यात किमान तीस दिवस, मग रक्त, आणि रक्ताच्या तारखेपासून १८० दिवस. पोहोचण्याच्या चाळीस दिवस आधी तिथल्या प्राणी क्वारंटाइन विभागाला कळवायचं. ही मुदत पुरी न करता गेलात तर उरलेले दिवस जनावर त्यांच्या ताब्यात काढतं. ऑस्ट्रेलिया सगळ्यात कडक. काही देशांतून तर थेट नेताच येत नाही. आधी मान्यताप्राप्त यादीतल्या देशात न्यायचं आणि पुढची तयारी तिथून करायची. परवाना मिळाला तरी मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात किमान दहा दिवस राहावं लागतं, ओळख पटवण्याची त्यांची प्रक्रिया आधी पुरी केली नसेल तर तीस. ओळखीपाळखीने काही जमेल असं कोणी म्हणालं तर हॉलिवूडचा नट जॉनी डेप याचा किस्सा सांगा. २०१५ मध्ये तो आणि अँबर हर्ड खासगी विमानातून आपले दोन यॉर्कशायर टेरियर न सांगता ऑस्ट्रेलियात घेऊन गेले. तिथल्या कृषिमंत्र्यांनी जाहीर सांगितलं, कुत्री परत पाठवा, नाहीतर ती मारावी लागतील. कुत्री परत गेली.

अमेरिकेचे कुत्र्यांचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदलले, तेव्हा त्याआधी गेलेल्या नातेवाइकांचा सल्ला ऐकून सोडून द्या. कुत्रं किमान सहा महिन्यांचं, चिप बसवलेलं आणि सीडीसीचा (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा) ऑनलाइन फॉर्म भरलेला, एवढं सगळ्यांनाच लागतं. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशातून, तिथेच लस टोचलेलं कुत्रं नेत असाल तर सरकारी पशुवैद्याने प्रमाणित केलेला लशीचा फॉर्म लागतो आणि सीडीसीकडे नोंदलेलं प्राणी-केंद्र ज्या विमानतळावर आहे तिथेच, आधी जागा राखून, उतरावं लागतं. टायटर नसेल तर त्या केंद्रात २८ दिवस, स्वखर्चाने. बोक्याला यातलं जवळजवळ काहीच नाही. मांजरांसाठी सीडीसी रेबीजच्या लशीचाही आग्रह धरत नाही. अर्थात राज्याचे आणि विमान कंपनीचे नियम वेगळे असू शकतात, ते विचारा.

कागदांचं शेवटचं टोक म्हणजे आरोग्य प्रमाणपत्र. युरोपात शिरताना ते दहा दिवसांच्या आतलं लागतं आणि त्यावर सरकारी पशुवैद्याची सही-शिक्का हवा, नेहमीच्या डॉक्टरांचा पुरत नाही. मधे सुट्ट्या आल्या की या दहा दिवसांचे सहाच उरतात. म्हणून तिकिटाची तारीख ठरवताना आधी त्या कार्यालयाचं सुट्ट्यांचं कॅलेंडर पाहा. आणखी एक: तुमचा आणि जनावराचा प्रवास पाच दिवसांच्या आत व्हायला हवा, नाहीतर ते ‘व्यापारी’ धरलं जातं आणि नियमच बदलतात.

आता विमान. लॅब्रेडोर केबिनमध्ये बसणार नाही. ज्या कंपन्या केबिनमध्ये जनावर घेतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणींची मर्यादा पिशवीसकट आठ किलोंच्या आसपास असते, तिथे तुमचा बोका कदाचित बसेल. ‘विमानाच्या पोटात टाकायचं’, म्हणजे खालच्या सामानाच्या भागात, म्हटलं की सगळ्यांच्या जिवाचं पाणी होतं, माझंही झालं होतं. पण जनावरं ठेवतात त्या भागात हवेचा दाब केबिनसारखाच असतो, तापमान राखलेलं असतं, आणि आत जिवंत जनावर आहे याची लेखी सूचना वैमानिकाला दिलेली असते. तिथे अंधार असतो आणि आवाज असतो, बहुतेक जनावरं झोपून जातात. खरा धोका जमिनीवर आहे: धावपट्टीच्या कडेला गाडीत, उन्हात वा थंडीत ताटकळण्यात. म्हणून उन्हाळ्यात पहाटेचं किंवा रात्रीचं विमान घ्या आणि शक्यतो थेट. मधे विमान बदलायचंच असेल तर त्या देशात जनावराला वेगळी परवानगी लागते का, आणि थांबा लांबला तर त्याला पाणी कोण देणार, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

चपट्या तोंडाची कुत्री-मांजरं, म्हणजे पग, बुलडॉग, पर्शियन, असतील तर अनेक कंपन्या घेतच नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने मागच्या पाच वर्षांचे आकडे काढले, तेव्हा विमानप्रवासात मेलेल्या १२२ कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी चपट्या तोंडाची निघाली. तुमचा हा प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाचा असेल.

झोपेचं औषध देऊ नका. देणारे पुष्कळ भेटतील, अगदी प्रेमाने देतील. गुंगीत रक्तदाब घसरतो, शरीराचं तापमान सांभाळलं जात नाही, क्रेट (प्रवासाचा पिंजरा) हलला तर जनावराला तोल सावरता येत नाही, आणि वर बघायला कोणी नसतं. गुंगीतलं जनावर दिसलं तर बहुतेक कंपन्या काउंटरवरूनच परत पाठवतात.

क्रेटचं माप अंदाजाने घेऊ नका. आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, हिशोब असा: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग, ही झाली क्रेटची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. उभं असताना डोकं किंवा कान, जे वर जाईल, ते छताला टेकता कामा नये. वरचा-खालचा भाग धातूच्या नट-बोल्टने जोडायचा. आमचा क्रेट काउंटरवर अडला तो त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपांमुळे. नवऱ्याच्या मित्राने रात्री अकराला कुठूनतरी आठ बोल्ट पैदा केले. कार्गोचं भाडं खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्यावर लागतं, आणि क्रेटच्या बाबतीत ते बहुधा आकारमानाचंच असतं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ६०००. समजा क्रेट १०२ बाय ६९ बाय ७६ चा असेल, तर तीस किलोच्या कुत्रीचं भाडं ८९ किलोंचं पडतं.

आणि तो क्रेट आजच आणून घरात उघडा ठेवा. जेवण त्यातच द्या. दार लावायला दोन आठवड्यांनी सुरुवात करा, आधी एक मिनिट, मग पाच. बोका त्यात स्वतःहून झोपायला लागला की समजा निम्मं काम झालं. निघायच्या दिवशी चार-सहा तास आधी हलकं खाणं, क्रेटच्या वाटीत पाण्याचा बर्फ (हळूहळू वितळतो, सांडत नाही), आणि खाली तुमचा न धुतलेला जुना कुर्ता.

सगळं एजंटवर सोपवू का, असंही विचारलंत. कार्गोची नोंदणी आणि कस्टमचे सोपस्कार तो सांभाळेल, पण तारखांचा हिशोब तुम्हीच ठेवा. आमच्या एजंटलाही चिपआधीची लस खटकली नव्हती. आणि जातीवरची बंदी, घरमालकाचा करार हेही आधी पाहा. ब्रिटनमध्ये पिट बुलवर १९९१ पासून बंदी आहे.

आता तिसऱ्या जनावराचं. आमची थोरली मांजर चौदा वर्षांची होती, मूत्रपिंडं थकलेली, दिवसाआड सलाइन. कागदोपत्री ती येऊ शकली असती. मी तिचं टायटरही करून घेतलं होतं. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी एवढंच विचारलं, पंधरा तास पाण्याविना गेले तर? ती माझ्या बहिणीकडे राहिली, जिच्या मांडीवर ती तशीही निम्मा वेळ असायची. तिथे आणखी दीड वर्ष जगली. मी व्हिडिओवर हाक मारायचे, ती फोनकडे बघायचीसुद्धा नाही. तुमची कुत्री सात वर्षांची आहे, तिला नेण्यात मला काही वावगं दिसत नाही, पण निघण्याआधी हृदयाची आणि सांध्यांची तपासणी करून घ्या आणि उत्तर नको ते आलं तर कोणाकडे ठेवणार, ते आत्ताच ठरवून ठेवा. विमानतळावर ठरवायची गोष्ट नाही ती.

पोहोचल्यावर कुत्री दोन दिवसांत शेपूट हलवत फिरेल. बोका पलंगाखाली जाईल. आमची नऊ दिवस गेली होती, रात्री खाऊन परत आत. ओढून काढू नका. त्या दिवसांत चिपचा नंबर नव्या देशाच्या नोंदणीत नव्या पत्त्यासह घालून टाका, कारण घाबरलेली जनावरं पळतात ती पहिल्या महिन्यातच.

देशाचं नाव आणि कार्डावरच्या त्या दोन तारखा कळवा, मग मागून पुढे दिवस मोजून देते.